साडेतीन हजारात चौघांचा महिन्याचा किराणा कसा भागवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की सांगलीत भाड्यानं राहता, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं, रेशनकार्ड जतकडं गावी सासऱ्यांजवळ, आणि भाडं लाईटबिल जाऊन किराण्याला साडेतीन हजारच उरतात. मग आधी त्या कार्डाचं बघा. कार्ड प्राधान्यवालं असेल आणि तुमची नावं आधारला जोडलेली असतील तर इथल्याच रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, गावी जावं लागत नाही, सासू-सासऱ्यांनी त्यांच्या वाट्याचं तिकडं उचललं तरी चालतं. माणशी ५ किलो म्हणजे तुमचं चौघांचं २० किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर सरळ तहसीलच्या पुरवठा शाखेत जायचं, लाजायचं नाही.

रेशनचा तांदूळ खपत नाही म्हणून लोक विकून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. भाताला मोकळा होत नसेल तर तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ भिजवून वाटा, इडली, डोसे, आप्पे सगळं होतं, मुलं बिस्किटपुडा मागायची थांबतात.

दुसरं म्हणजे वहीवरची उधारी बंद करा. वहीवर घेताना आपण भाव विचारत नाही, आणि मुलाला दहा-वीस रुपये देऊन रोज तेलाची छोटी पिशवी, चहापत्तीची पुडी आणायला पाठवलं की महिन्याचे पैसे कुठं गेले ते कळतच नाही. तेल महिन्याचं एकदम आणा आणि पिशवीवरचे ग्रॅम वाचा, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण आता तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८५० किंवा त्याहून कमी असतं, स्वस्त वाटतं ते त्यामुळंच.

तूरडाळ रोज परवडत नाही तर रोज करू पण नका. आपल्याकडं हुलगे, मटकी, मसूर आहेत की! इस्लामपूर-कराड पट्ट्यात हॉटेलात आख्खा मसूर खायला लोक गाड्या थांबवतात, तोच घरी करा. पाव किलोला थोडा कमी मसूर दोन तास भिजवायचा, कांदा चांगला लाल होईस्तोवर परतायचा, ठेचलेला लसूण, एक टोमॅटो, आपली कांदा-लसूण चटणी आणि मसूर टाकून गरम पाणी घालायचं, कुकरला दोन शिट्ट्या बास. हॉटेलवाले तवंग येईस्तोवर तेल ओततात, तुम्हाला एक पळी पुरते. भाकरीबरोबर चौघांचं जेवण होतं, वर भाजी लागत नाही. हुलगे भाजून दळून ठेवले तर थंडीत गूळ-सुंठ घालून माडगं करता येतं, मुलांना सकाळी ते द्या.

भाजी शनिवारच्या बाजारातून संध्याकाळी उशिरा घ्या, आवरायच्या वेळी वाटे स्वस्तात लावतात. पालेभाजी मात्र त्याच रात्री निवडून ठेवा, नायतर सकाळी निम्मी फेकावी लागते.

मुलं जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत असतील तर दुपारचा पोषण आहार तिथंच मिळतो, डबा देऊन डबल खर्च करू नका. त्यातनं वाचतील त्याची अंडी आणा, दूध कमी पडलं तरी ती मुलांना द्याच. चहाचं दूध काय, आपण मोठी माणसं कोरा पण पितो.