नव्या धावकासाठी: वेग आणि कॅलरींची नोंद

आपण धावू लागलात, याचा मनापासून आनंद वाटला. घड्याळावरील क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगाकडे सुरुवातीला पाहू नका. उंच इमारतींमध्ये जीपीएस चुकते, म्हणून पूर्ण किलोमीटरची सरासरी तेवढी नोंदवा. धावताना सलग वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे, मग तो किलोमीटरला 8 मिनिटे असो वा 9. रोज कालच्यापेक्षा जलद धावण्याचा हट्ट ही नवोदितांची सर्वांत मोठी चूक असून तिची किंमत नडग्या आणि गुडघे मोजतात.

कॅलरींसाठी ढोबळ हिशेब पुरेसा आहे: 70 किलो वजनाच्या व्यक्तीस 5 किलोमीटरला सुमारे 350. हळू धावल्याने हा आकडा फारसा घटत नाही. घड्याळाने अधिक दाखवले, तरी तेवढे जास्त खाऊ नका. हार्ट रेट झोन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवरून ठरवलेले श्रमाचे टप्पे, तूर्त बाजूला ठेवा.