काडतुसं आली, भाव का उतरेना?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो, शनिवारी नेमबाजीला जातो. २०२० पासूनच्या टंचाईनंतर पिस्तुलाचं ९ एमएम काडतूस पुन्हा दुकानात दिसतंय, पण इतर काही काडतुसं अजून महागच. थांबावं की घ्यावं?

उत्तर : टंचाईतून आधी ९ एमएम सुटतं, कारण खप प्रचंड, कारखाने यंत्रं त्याच्यासाठीच चालू ठेवतात. शिकारीची, कमी खपाची काडतुसं मधूनमधून, एकेका खेपेत बनतात, म्हणून मागे राहतात. खरी अडचण प्राइमरची. काडतुसाची पितळी नळी, शिसं, बंदुकीची दारू असली तरी दारू पेटवणारी बुडातली ती चिमुकली टोपी नसेल तर काडतूस पुरं होत नाही. त्यात सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी घातली, त्यामुळे स्वस्त पोलादी नळीचा माल आटला.

डब्याच्या किमतीवर जाऊ नका, दर गोळीमागे काढा. ५० चा डबा १५ डॉलरला म्हणजे ३० सेंट. १००० ची पेटी २६० ला, वर २५ पाठवणावळ, म्हणजे साडेअठ्ठावीस. फरक दीडच सेंटचा! कर वेगळाच.

पेटी घेण्याआधी एक डबा आणून गोळीच्या टोकाला लोहचुंबक लावा. चिकटला तर तांब्याखाली पोलाद आहे. नेमबाजीच्या बऱ्याच बंदिस्त रेंजवर असा माल चालत नाही. आणि .२२३ व ५.५६ ही रायफलची काडतुसं दिसायला सारखी, पण .२२३ च्या बंदुकीत ५.५६ घालू नका, दाब जास्त होतो. स्वस्त मिळालं तरी नाहीच.

साठा कोरड्या, थंड जागी, मूळ डब्यात. गॅरेजमध्ये नको.