१९७० ची शेव्हेल रोजच्या रस्त्यावर नीट चालावी म्हणून सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलू?

तुमचा प्रश्न मी असा समजलो की १९७० ची शेव्हेल मालिबू (शेव्हरोलेची जुनी अमेरिकन गाडी) घेतलीय, ३५० घनइंची इंजिन, पॉवर स्टेअरिंग, राहता डेट्रॉइटच्या आसपास, ताशी ६० मैलांच्या वर गेलं की गाडी डुलते, सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं स्टेअरिंग सावरत बसावं लागतं, वळणावर पार एका अंगावर जाते, आणि एका शॉपने चारी चाकांना कॉइलओव्हर (शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेला संच) आणि सगळे नवे आर्म (चाकांना फ्रेमशी जोडणारे दांडे) असं सहा हजार डॉलरचं पॅकेज सांगितलंय. रेस करायची नाही, शनिवार-रविवार चालवायची, कधीतरी ऑफिसला न्यायची, मागच्या सीटवर मुलं असणार.

आत्ता ते पॅकेज घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाही, पण आत्ता नको. माझ्याकडे हीच गाडी आहे, १९७० ची दोन दारांची मालिबू, नऊ वर्षं झाली, आणि मी सुरुवात नेमकी उलटी केली होती म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. पहिल्याच वर्षी मी पुढे-मागे कडक आणि दोन इंच खाली बसणारे स्प्रिंग घातले, बाकी सगळं जुनंच ठेवलं. गाडी दिसायला झकास दिसायला लागली पण प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वर जायची हद्द संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आपटायची, आणि डुलणं जरा कमी झालं तरी भरकटणं तसंच राहिलं, उलट वाढलं, कारण भरकटण्याचं कारण स्प्रिंग नव्हतेच, आर्मच्या सांध्यातले रबरी बुश गेलेले होते.

माझ्या वडिलांचं इस्लामपूरला गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं शॉकअप बदला, की वडील आधी गाडी जॅकवर घ्यायचे आणि प्रत्येक बुशला टॉमी (लोखंडी दांडा) लावून बघायचे. बहुतेक वेळा शॉकअपला हातही न लावता गाडी सरळ व्हायची. मला हे माहीत असून इथे आल्यावर मी कॅटलॉग बघून पार्ट मागवले.

तर तुम्ही आधी तेच करा, टॉमी घ्या आणि खाली जा. पण त्याच्याही आधी हातोडी घेऊन फ्रेम ठोकून बघा, कारण मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ह्या गाड्या फ्रेमवर बसवलेल्या आहेत, मागच्या ॲक्सलच्या वरचा फ्रेमचा वाकलेला भाग आणि मागचे लोअर आर्म जिथे फ्रेमला बसतात ती जागा, इथे गंज आतून खातो. टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर बाकी सगळं थांबवून आधी वेल्डिंगचं काम. गंजक्या फ्रेमवर सहा हजारांचं सस्पेन्शन लावणं धोक्याचं आहे, यात मी कुणाचंच ऐकणार नाही.

फ्रेम चांगली निघाली की बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा चाकाकडचा गोळ्याचा सांधा. ह्या गाडीत पुढचा स्प्रिंग लोअर आर्मवर बसतो म्हणजे वजन लोअर बॉल जॉइंट घेतो, त्यामुळे जॅक लोअर आर्मखाली, होईल तितका चाकाजवळ लावायचा आणि मग टायरखाली टॉमी घालून उचलून बघायचं, वरखाली प्ले (ढिलेपणा) दिसला तर जॉइंट संपला. फ्रेमखाली जॅक लावून बघितलंत तर स्प्रिंग सगळं ताणून धरतो आणि खराब जॉइंटही घट्ट वाटतो. मग कुणाला तरी आत बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला सांगा आणि तुम्ही खालून स्टेअरिंगपासून चाकांपर्यंतचा एकेक जोड बघत या, टाय रॉड एंड, सेंटर लिंक, आयडलर आर्म, आणि स्टेअरिंगच्या दांड्याला गिअरबॉक्सशी जोडणारी ती रबर-कापडाची चकती, रॅग जॉइंट म्हणतात तिला, ती बहुतेक वेळा गेलेलीच असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू मात्र पहिल्याच दिवशी आवळू नका, जास्त आवळला गेला तर वळणातून बाहेर येताना स्टेअरिंग आपणहून परत फिरत नाही.

बुशबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळा खेळ तिथेच आहे. माझ्या गाडीचे पुढचे लोअर आर्म काढले तेव्हा रबर मनुक्यासारखं सुकून चिरलेलं होतं आणि आतली लोखंडी नळी एका बाजूला इतकी सरकली होती की ती मध्यभागी असते हे मुद्दाम आठवावं लागलं. म्हणजे ब्रेक दाबला की अख्खा आर्म मागे सरकत होता आणि त्याबरोबर अलाइनमेंटही (चाकांचे कोन). असं असताना कुठलाही शॉक किंवा स्प्रिंग काय करणार.

नवे बुश बसवताना दोन गोष्टी. एक म्हणजे रबराचे बुश बसवले तर आर्मचे मुख्य बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करा, नेहमीच्या उंचीला येऊ द्या, मग शेवटचं टॉर्क. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, फिरत नाही, पिळलं जातं, त्यामुळे लटकलेल्या स्थितीत आवळलंत तर गाडी खाली आल्यापासून ते कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं, शिवाय गाडी उगाच उंच उभी राहते. माझ्या एका मित्राचे बुश याच कारणाने दोन वर्षांत गेले, काम पैसे देऊन करून घेतलं होतं.

दुसरं, पॉलीयुरेथेन, म्हणजे रबराऐवजी वापरतात ते कडक प्लास्टिक. सगळे म्हणतात सगळीकडे पॉली घाला. पुढच्या आर्मना चालेल, ते एकाच अक्षाभोवती वरखाली फिरतात, फक्त सिलिकॉनचं ग्रीस भरपूर लावा नाहीतर दर स्पीडब्रेकरला कुईकुई करतं. मागे मात्र घालू नका. शेव्हेलच्या मागच्या ॲक्सलला चार आर्म आहेत, खालचे दोन जवळपास सरळ आणि वरचे दोन तिरके, आणि एक चाक वर दुसरं खाली गेलं की हे आर्म थोडे पिळावे लागतात, ती मुभा मूळ डिझाइनमध्ये रबर देतं. तिथे कडक पॉली घातलं की ॲक्सल जखडतो, मागची बाजू ताठ होते आणि ओल्या रस्त्यावर एकदम सुटते. वरच्या आर्मचा एक-एक बुश ॲक्सलच्या कानातच दाबून बसवलेला असतो, तो काढणं कटकटीचं आहे म्हणून लोक तेवढाच जुना ठेवतात. ठेवू नका, आणि नवा रबराचाच घाला.

स्वतः करणार असाल तर पुढचा स्प्रिंग काढताना घाई अजिबात नको. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाडं मोडण्याइतका जोर असतो. मी स्प्रिंगच्या वेढ्यांमधून साखळी घालून फ्रेमला सैल बांधतो, जॅक लोअर आर्मखालून काढत नाही, आणि बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे राहू देतो, म्हणजे जॉइंट ठक्कन सुटला तरी आर्म तिथेच अडकतो, मग जॅक सावकाश खाली. हे एकट्याने करू नका.

आता टायर आणि अलाइनमेंट, कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. टायरच्या बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३०९ असेल तर २००९ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. १४ इंची चाकांना आता चांगल्या पकडीचे टायर फारसे मिळत नाहीत. जुना लुक हवा असेल तर १५ इंची चाकं आणि २३५/६० मापाचे टायर, चालवण्यातच जास्त रस असेल तर १७ इंची, पण रिमची ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) नीट मोजून, नाहीतर वळताना टायर फेंडरला घासेल.

अलाइनमेंटवाल्याकडे गेलात की तो कॉम्प्युटरमध्ये १९७० ची शेव्हेल टाकेल आणि फॅक्टरीचे आकडे लावून देईल, ते लावू देऊ नका. ते आकडे बायस-प्लाय (जुन्या पद्धतीच्या, तिरक्या धाग्यांच्या) टायरसाठी आणि स्टेअरिंग हलकं राहावं म्हणून होते, कॅस्टर (बाजूने बघता चाक वळण्याचा अक्ष किती कललाय; वरचं टोक मागे असेल तर पॉझिटिव्ह) शून्याच्या आसपास आणि कॅम्बर (समोरून बघता चाक किती कललंय; वरची कड बाहेर असेल तर पॉझिटिव्ह, आत असेल तर निगेटिव्ह) किंचित पॉझिटिव्ह. रेडियल टायर आणि पॉवर स्टेअरिंग असताना कागदावर लिहून द्या: कॅस्टर पॉझिटिव्ह ३ ते ४ अंश, कॅम्बर निगेटिव्ह अर्धा अंश, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किती आत वळल्यात ते) एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त नाही. मूळ अप्पर आर्मवर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून घालून एवढा कॅस्टर कधीकधी मिळत नाही, तिथे जास्तीचा कॅस्टर आधीच धरून बनवलेले ट्यूबचे अप्पर आर्म घेण्यात अर्थ आहे, त्या पॅकेजमधली ही एक वस्तू मी तुम्हाला आत्ताही घ्या म्हणेन. माझी गाडी महामार्गावर सरळ जायला लागली ती ह्या एका दिवसात. त्या संध्याकाळी एम-५ वरून घरी येताना मी स्टेअरिंगवर नुसती दोन बोटं ठेवली होती, आणि बायकोने विचारलं, काय झालं, आज गप्प का?

ह्यानंतर शॉक. चांगले मोनोट्यूब (एका नळीचे) गॅस शॉक घ्या, डुलणं म्हणजे दणका बसल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहणं, ते काम शॉकचं आहे, स्प्रिंगचं नाही. मग पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा दांडा. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १ इंचाचा काढून सव्वा इंचाचा भरीव बार घातला की कडकपणा जवळजवळ अडीचपट होतो, आणि सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं बरोबर वर गेली तर बार मध्ये येतच नाही, म्हणून मुलं मागे बसली असली तरी त्यांना दणके वाढलेले जाणवणार नाहीत. मागचा बार बारीकच ठेवा. फॅक्टरीने ही गाडी मुद्दाम पुढून घसरणारी ठेवली होती, सामान्य चालकाला ते सांभाळता येतं. मागे जाड बार घालून तो समतोल उलटवलात तर पावसात रॅम्पवर गाडी मागून फिरेल. आणि मागचा बार लोअर आर्मला बोल्ट होतो, मूळ आर्म खालून उघडे असतात, बोल्ट आवळला की चेपतात, तेव्हा बंद पेटीचे आर्म घ्या.

एवढं करून दोन-तीन महिने चालवा. मग वाटलं तर स्प्रिंग, पुढे एक इंचापेक्षा जास्त खाली नको. स्प्रिंग कापू नका. तो आर्मच्या साधारण मध्यावर बसतो त्यामुळे स्प्रिंग अर्धा इंच कमी केला की गाडी जवळपास एक इंच खाली येते, आणि बंप स्टॉपपर्यंतची जागा तेवढीच कमी होते. इथे मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर रस्त्यांचं काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, चाकाला वर जायला जागा हवी.

एक गोष्ट ह्या गाडीच्या भूमितीतच चुकलेली आहे, ती बुश बदलून जात नाही. स्टेअरिंग नकल (दोन्ही बॉल जॉइंटमधला, चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बुटका आहे, त्यामुळे अप्पर आर्म बाहेरच्या टोकाला खाली झुकलेला असतो, आणि वळताना गाडी कलली की बाहेरचं चाक पॉझिटिव्ह कॅम्बरमध्ये जातं, टायर कडेवर उभा राहतो. यावर अर्धा इंच उंच अप्पर बॉल जॉइंट हा सोपा आणि चांगला उपाय आहे, नाहीतरी बॉल जॉइंट बदलणारच आहात तर तेच घ्या. जुन्या शेव्हरोले कॅप्रिस गाडीचे उंच नकल लावण्याचा सल्लाही कुणीतरी देईल, त्याने कॅम्बर सुधारतो पण बंप स्टिअर येतो, खड्ड्यात गेलं की चाक आपणहून वळतं. रोजच्या रस्त्यासाठी मला ते मान्य नाही.

कॉइलओव्हर वाईट नाहीत, उंची बदलता येते, ट्रॅकवर जाणाऱ्याला उपयोग आहे. पण त्या शॉपला एक नक्की विचारा, की मागच्या शॉकचा वरचा माउंट मजबूत करणार आहात का. मूळ गाडीत वजन स्प्रिंगच्या बैठकीतून फ्रेमवर जातं, शॉकचा माउंट फक्त शॉकचा जोर घ्यायला बनवलाय, तिथे कॉइलओव्हर लावला की गाडीचं वजन त्याच्यावर येतं. ह्याचं उत्तर त्यांनी लगेच आणि नीट दिलं नाही तर दुसरं शॉप बघा.

सगळं झाल्यावर ५०० मैलांनी परत सगळे बोल्ट तपासा, स्प्रिंग बदलले असतील तर अलाइनमेंटही पुन्हा, कारण नवे स्प्रिंग थोडे बसतात. लोअर बॉल जॉइंटला टॉमी लावून काय निघालं ते इथेच खाली लिहा, फ्रेमचा फोटो टाकलात तर अजून बरं, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांचा मेळा) असते, तोपर्यंत बुश, टायर आणि अलाइनमेंट एवढं आरामात होऊ शकतं. आर्मचे बुश दाबायचा प्रेस माझ्याकडे आहे, लागला तर सांगा.