क्रूगरचा हत्ती आणि घरातला पांढरा हत्ती

पैशांचा सल्ला मागणाऱ्या एका ताईंचं पत्र थोडक्यात असं आहे: "सर, वय 46, ठाण्यात राहते, अविवाहित. आई (74) माझ्याकडेच असते. घरावर कर्ज नाही. हातात पगार 95,000, खर्च 55,000, एसआयपी 15,000. एफडी सहा लाखांची. पीपीएफ बंद पडू नये म्हणून वर्षाला 500 रुपये टाकते. निवृत्तीसाठी गॅरंटीड इन्कमची पॉलिसी आहे: वर्षाला दीड लाख, दहा हप्ते, तीन भरून झाले. ताडोबा, पेंच, नागझिरा खूप केलं. आता येत्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एकटीने गाडी चालवत पंधरा दिवस फिरायचंय. दोन लाखांत बसेल असं वाटतं. क्रेडिट कार्ड ठेवत नाही, उधारीची भीती वाटते. एजंटकाका म्हणतात, पॉलिसीवर दोन लाख कर्ज मिळेल. की वर्षभर एसआयपी थांबवू? पुढच्या सहलींसाठी त्यांनी एक मनीबॅक पॉलिसी (दर काही वर्षांनी थोडे पैसे परत देणारी) सुचवली, तिचा 60,000 चा पहिला हप्ता भरलाय. कागद गेल्या आठवड्यात आले."

ताई, क्रूगरचं नंतर बोलू. आधी तो गेल्या आठवड्यात आलेला लिफाफा काढा.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्याला फ्री-लुक म्हणतात आणि कागदांत तसं छापलेलंही असतं. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे किरकोळ पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. काकांच्या हाती देऊ नका, ते "बघतो" म्हणतील आणि बघता बघता तीस दिवस संपतील. मनीबॅकमध्ये तीन वर्षांत तुम्ही 1 लाख 80 हजार भरणार, त्यातले 60 हजार तुम्हालाच परत मिळणार आणि त्यावर तुम्ही जंगलात जाणार. आपलेच पैसे आपल्याला देताना कुणी आभाराची अपेक्षा ठेवत असेल तर सावध व्हावं.

आता मोठी पॉलिसी. तुम्ही ती निवृत्तीची सोय म्हणून मांडली आहे, आणि पत्रातली खरी चूक ही आहे. सोबतचा तक्ता मी पाहिला. दहा वर्षांत 15 लाख भरायचे, मग वयाच्या 55 पासून 69 पर्यंत वर्षाला दोन लाख, म्हणजे एकूण 30 लाख. "दुप्पट, तेही गॅरंटीने" हे वाक्य तुम्ही अधोरेखित केलंय. दुप्पट व्हायला सरासरी साडेचौदा वर्षं लागतात, हे कुणी अधोरेखित केलं नाही. परतावा बसतो जेमतेम पाच टक्के. आपलं पीपीएफ 2020 पासून 7.1 टक्के देतंय, तेही करमुक्त आणि तेही सरकारी गॅरंटीने. त्यात तुम्ही पाचशे रुपये टाकता!

बरं, टक्के बाजूला ठेवू, वयं पाहा. तुम्ही 58 ला निवृत्त होणार. दोन लाख सुरू होतात 55 ला, पगार चालू असताना, आणि थांबतात 69 ला. तुमच्या आई आज 74 च्या आहेत. म्हणजे आईंच्या आजच्या वयाला तुम्ही पोहोचाल तेव्हा या 'पेन्शन'मधून दमडी येत नसेल. शेवटचे दोन लाख येतील तेव्हा सहा टक्के महागाई धरली तर त्यांची किंमत आजच्या पन्नास-बावन्न हजारांइतकी असेल. तुमचा आजचा महिन्याचा खर्च 55 हजार आहे.

कर्जाचं तर विचारूच नका. कर्ज मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हाती येणाऱ्या रकमेच्या, काही टक्के, भरलेल्या हप्त्यांवर नाही. तीन हप्त्यांनंतर गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू साधारण 35 टक्के असते. म्हणजे साडेचार लाखांचे दीड-पावणेदोन लाख. कंपनीने थोडं जास्त धरलं तरी त्यावर दोन लाख कर्ज कसं बसणार, हे काकांनाच विचारा. आणि उधारीच्या भीतीने क्रेडिट कार्ड न ठेवणाऱ्या बाईंना स्वतःच्याच पैशांवर व्याज भरायला लावायचं, याला कसब लागतं.

मग मोडायची का? तडकाफडकी नको. कंपनीला एक ईमेल करा आणि दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केल्यास किती, आणि पेड-अप केल्यास 55 पासून किती. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्या तीन हप्त्यांच्या प्रमाणात पैसे मिळणार. दोन लाखांच्या तीन दशांश धरले तर वर्षाला 60 हजार, पंधरा वर्षं. वर्षाला सात टक्के परतावा धरला तर आज त्याची किंमत होते सव्वातीन लाखांच्या आत-बाहेर. सरेंडरचे त्याहून जास्त देत असतील तर घ्या आणि मोकळ्या व्हा. कमी देत असतील, आणि बहुतेक देतीलच, तर पेड-अप करून विसरून जा. इथून पुढच्या सात हप्त्यांपुरता वेगळा हिशोब केला तरी परतावा पावणेसहाच्या वर जात नाही. म्हणजे "आता एवढं भरलंच आहे तर" हे कारणही उरत नाही. तेच दीड लाख सात वर्षं पीपीएफमध्ये टाकले तर सात वर्षांनी चौदा लाखांच्या जवळपास जातात. खात्याची मुदत मध्येच संपली तर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

हप्ता थांबवण्याआधी दोन कामं करा. पेड-अप केल्यावर पॉलिसीतलं 15 लाखांचं संरक्षण साडेचारवर येईल, म्हणून आईंच्या आधारासाठी आधी स्वतःचा तीस लाखांचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या. दुसरं, पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख फक्त "ऑफिसचा आहे" एवढाच. ऑफिस सुटलं की तोही सुटतो आणि 58 ला नवा घ्यायला जाल तेव्हा रक्तदाब, साखर, गुडघे सगळं फॉर्मवर लिहावं लागेल. दहा लाखांचा स्वतःचा आत्ताच घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटी नाही, आणि जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे.

आता क्रूगर. जा, नक्की जा. ताडोबात जिप्सी, चालक आणि गाइडशिवाय आत सोडत नाहीत. वाघ दिसला तरी "चला मॅडम, वेळ झाली" ऐकावं लागतं. स्वतःच्या गाडीत, काचा लावून, हत्तींच्या कळपासमोर तासभर इंजिन बंद करून बसण्याची मुभा ज्यांना हवी त्यांच्यासाठी क्रूगर आहे, शिवाय तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. पण दोन लाखांत नाही.

रँड (तिथलं चलन) पाच रुपयांचा धरा. विमान 65 हजार. छोटी पण उंच गाडी पंधरा दिवस, पूर्ण विम्यासकट, 55 हजार. परदेशी पाहुण्यांना उद्यानाचं शुल्क रोज लागतं, सहाशे रँडच्या आसपास, अकरा दिवसांचे 33 हजार (वाइल्ड कार्ड नावाचा वार्षिक पास स्वस्त पडतो का तेही पाहा). मुक्काम ही एकटीच्या प्रवासातली खरी ठेच: स्कुकुझा, सतारा, लोअर साबी या उद्यानातल्या कॅम्पांमधल्या बंगल्यांचं मूळ भाडं दोघांचं असतं, एकटं राहिलात म्हणून निम्मं होत नाही. अकरा रात्रींचे 95 हजार धरा. सामायिक न्हाणीघरवाल्या झोपड्या घेतल्या तर बरेच वाचतील. पेट्रोल, स्वतः रांधलेलं जेवण, व्हिसा, प्रवास विमा आणि जाता-येताच्या रात्री मिळून 60 हजार. बेरीज होते तीन लाख आठ हजार. हाताशी थोडे जादा ठेवून सव्वातीन म्हणा.

आणि ज्या क्रेडिट कार्डाची तुम्हाला भीती, त्याच्याशिवाय गाडीची किल्ली मिळणं कठीण. भाड्याच्या गाडीची अनामत चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड सहसा चालत नाही. बँकेत एफडीवर कार्ड मिळतं, ते काढा. परदेशी खर्चावर साडेतीन टक्के लावणारं नको. आरटीओतून हजार रुपयांत आंतरराष्ट्रीय परवानाही काढा.

पैसे कुठून आणायचे? कर्ज नको, एसआयपीला हात नको. या ऑगस्टऐवजी पुढच्या ऑगस्टला जा. मुक्कामाचं बुकिंग तसंही जवळजवळ वर्षभर आधी उघडतं आणि चांगले कॅम्प आधी भरतात. थांबलेल्या हप्त्याचे महिना साडेबारा हजार आवर्ती ठेवीत टाका. वर्षाचे दीड लाख होतील. उरलेले पावणेदोन एफडीतून घ्या. मागे सव्वाचार लाख राहतात, तुमचा सात-आठ महिन्यांचा खर्च. पीपीएफ एक वर्ष उशिरा सुरू होईल, चालेल.

आखणी करताना पैसे वाचवायच्या नादात रोज लांबचा पल्ला घेऊ नका. उद्यान उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा 50, मातीच्या रस्त्यावर 40. स्कुकुझा ते सतारा 90 किलोमीटर, पण वाटेत थांबत गेलात तर अख्खी सकाळ जाते, आणि हिवाळ्यात (तिथे ऑगस्ट म्हणजे हिवाळाच) कॅम्पचं फाटक साडेपाच-सहाला बंद होतं. उशीर झाला तर दंड होतो. टायर पंक्चर झालं तरी वाटेल तिथे उतरता येत नाही आणि फोनची रेंज सगळीकडे नसते. म्हणून दक्षिण आणि मधला भाग, चार कॅम्प, प्रत्येकी दोन-तीन रात्री. जोहान्सबर्गहून चारशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकायची असते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी निघू नका, मी निघालो होतो आणि पहिला जिराफ मला अर्धवट झोपेत दिसला. प्रवास विम्यात इस्पितळापर्यंत उचलून नेण्याचा खर्च आणि भाड्याची गाडी चालवताना झालेली इजा दोन्ही आहेत ना, हे पॉलिसीच्या मजकुरात शोधा, जाहिरातीत नाही.

मनीबॅकचा अर्ज उद्याच द्या. काकांचा फोन येईल, नातं काढतील, "माझं टार्गेट आहे गं" म्हणतील. चहा पाजा. पोचपावतीचा फोटो आणि कंपनीने कळवलेले दोन आकडे मला पाठवा, पेड-अप की सरेंडर ते त्यावरून सांगतो.