डेस्क बुकिंग किती दिवस आधी उघडावं?

तुम्ही विचारलंय की वागळे इस्टेटमध्ये ऑफिस आहे, ९० माणसं, ५५ डेस्क, तर बुकिंग किती दिवस आधी उघडायचं आणि त्याच दिवशीचं बुकिंग चालू ठेवायचं का.

चौदा दिवस. आणि हो, चालू ठेवा.

या चौदा दिवसांपायी मी वर्षभर बोलणी खाल्लीत, म्हणून लिहायला बसले. आमचं ऑफिस ऐरोलीला, ॲडमिन मी एकटी. कोविडनंतर आठवड्यातून तीन दिवस यायचं ठरलं तेव्हाच मी दोन आठवडे म्हटलं होतं. साहेब म्हणाले, नव्वद दिवस ठेवा, लोकांना प्लॅनिंग करता आलं पाहिजे.

प्लॅनिंग केलं एकाच टीमच्या को-ऑर्डिनेटरने. पहिल्याच दिवशी खिडकीकडची अख्खी रांग, बारा डेस्क, तीन महिन्यांचे सगळे मंगळवार-बुधवार, रिपीट लावून मोकळा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसं. पण रुमाल टाकणारा निदान गाडीत चढतो तरी!

एका बुधवारी सिस्टिमवर सगळं फुल्ल होतं. मी उठून मोजलं, तर त्या बारातले सात डेस्क रिकामे. आणि बदलापूरहून येणारी आमची नवी मुलगी, ठाण्याला गाडी बदलून धक्के खात आलेली, पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. म्हटलं, तिकडे जाऊन बस. तर म्हणते, "नको ताई, कोणाच्या तरी नावावर आहे." मी सातही डेस्कचे फोटो काढले आणि मीटिंगमध्ये दाखवले. साहेब म्हणाले, हा शिस्तीचा प्रश्न आहे, सिस्टिमचा नाही. मग एचआरने शिस्तीचा मेल पाठवला. पुढच्या बुधवारी रिकामे डेस्क आठ.

रेल्वेने २०१५ साली आरक्षणाची मुदत ६० दिवसांवरून १२० वर नेली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून परत ६० वर आणली. इतक्या आधी काढलेली तिकिटं रद्द फार होतात, आणि काही लोक रद्दही न करता येत नाहीत. तिथे तर रद्द केलं की पैसे कापतात. डेस्क फुकट, मग कोण कशाला सोडतंय?

साहेबांची बदली झाल्यावर चौदा केले. पॅन्ट्रीत आता फक्त चहा होतो.

सेटिंग करताना दोन गोष्टी बघा. मुदत रिपीट बुकिंगलाही लागू होते का, ते स्वतः एक बुकिंग टाकून तपासा, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं उघडं. आणि आउटलुकवर चालवत असाल तर बुकिंगची मुदत मुळात १८० दिवस असते, कोणी बदलली नसेल तर तीच चालू असणार. सकाळी चेक-इन, म्हणजे आल्याची नोंद, नाही केलं तर डेस्क आपोआप सुटू दे, त्याच दिवशीचं बुकिंग त्याशिवाय कामाचं नाही. पण वेळ सैल ठेवा. मी साडेदहा ठेवली होती. पावसात एकदा ट्रान्स-हार्बर लोकल रखडली आणि निम्मं ऑफिस ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभं असताना सगळ्यांच्या मोबाईलवर "तुमचं बुकिंग रद्द" आलं. त्या दिवशीच्या शिव्या मात्र माझ्या हक्काच्या होत्या. आता साडेअकरा आहे.

हे सगळं डेस्कपुरतं. कॉन्फरन्स रूमला साठ दिवस द्या, बाहेरगावचे क्लायंट तिकिटं काढून येतात. गरोदर बाई असेल, कोणाला चालायला त्रास असेल, तर त्यांना बुकिंगच्या भानगडीत पाडूच नका, डेस्क नेमून द्या. आणि तुमचे साहेब शिस्तीचा मुद्दा काढतील तेव्हा सांगा, माझ्याकडे ते सात फोटो अजून आहेत.