मुरबाडचं दगडी घर घ्यावं का? घ्या, पण नेरुळच्या घरावर कर्ज काढून नाही

प्रश्न: माझं वय ५४, पत्नी शिक्षिका. नेरुळचं राहतं घर कर्जमुक्त आहे. कामोठ्यात २००९ साली १४ लाखांना घेतलेला वन बीएचके भाड्याने दिलाय, आज त्याचे ४० लाख येतील. दोन्ही घरं माझ्या नावावर. पीएफ ५५ लाख, म्युच्युअल फंड ६० लाख, एफडी २० लाख. घरखर्च महिना ७० हजार. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुरबाड तालुक्यात माळशेजच्या रस्त्याला एक दीडशे वर्षांचं दगडी घर छान दुरुस्त करून विकायला काढलंय, भोवती १४ गुंठे. किंमत ८५ लाख. फंडातून ४०, एफडीतले २० आणि नेरुळच्या घरावर २५ लाख कर्ज, असं जमवतोय. मालक म्हणतात, वीकेंडला भाड्याने दिलं तर महिन्याला ७०-८० हजार सुटतात. सीए म्हणाले, नवीन घर घेतलं की फंडावरचा टॅक्स माफ. मूळ गाव जुन्नर तालुक्यात, रस्ता ओळखीचा. अक्षय्य तृतीयेला टोकन द्यायचं ठरतंय. काय करू?

उत्तर: आधी टोकन थांबवा. मुहूर्त दरवर्षी येतो.

तुमच्या जमवाजमवीत पहिली गळती अशी की ८५ लाखांत घर मिळतच नाही. मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांच्या आसपास धरा, नोंदणी फी ३० हजार, वकील, मोजणी, दलाली. आकडा नव्वदच्या पुढे जातो आणि हे वरचे पैसे तुमच्या हिशेबात कुठेच नाहीत. दुसरी गळती कर्जाची. २५ लाख, दहा टक्के, दहा वर्षं म्हणजे हप्ता ३३ हजारांच्या घरात. तुम्ही साठीला निवृत्त व्हाल आणि हप्ता चौसष्टीपर्यंत चालेल. तोही राहत्या घरावर. हे मला अजिबात पटत नाही.

आता खर्च. राखणदार ठेवल्याशिवाय हे घर चालणार नाही, त्याचे महिना १२ हजार. दर मे महिन्यात कौलं चाळणं, फुटकी बदलणं, वाळवीचा फवारा, बोअरचा पंप, वीजबिल, गवत काढणं, असं धरून वर्षाला अडीच लाख मी कमीत कमी मानतो. नव्वद लाखांवर सात टक्के सुटले असते ते सहा लाख तीस हजार. एकूण आठ लाख ऐंशी हजार. वर्षात वीस वेळा गेलात तर एका फेरीला ४४ हजार पडतात. तेवढ्यात माळशेजच्या चांगल्या रिसॉर्टवर सगळं कुटुंब घेऊन जाता येतं, आणि परत येताना मोरी घासावी लागत नाही.

मालकांच्या ७०-८० हजारांबद्दल एवढंच: गेल्या दोन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंट मागा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी आहे का तेही विचारा. रिटर्नमध्ये नसलेलं भाडं तुमच्या हिशेबातही धरायचं नाही.

टॅक्सबद्दल सीएंनी अर्धंच सांगितलं. फंड, शेअर विकून घर घेतल्यावर मिळणारी सूट, विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं असतील तर मिळत नाही. तुमच्याकडे दोन आहेत. म्हणजे चाळीस लाखांच्या विक्रीत १८ लाख नफा असेल तर सव्वा लाख वजा करून साडेबारा टक्क्यांनी दोन लाखांवर टॅक्स भरावाच लागेल. उलट कामोठ्याचा फ्लॅट विकून दुसरं घर घेतलं तर घराच्या नफ्यावरची सूट मिळते, तिथे ही अट नाही. फक्त १४ गुंठे शेतजमीन निघाली तर तिच्यावर गेलेले पैसे त्या सुटीत धरता येतील असं गृहीत धरू नका. तसंही २००९ ची खरेदी असल्याने महागाई निर्देशांक लावून (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्याय घेतलात तर कर लाखाच्या आतच येतो. तेव्हा टॅक्स वाचवायला घर, हा विचार सोडा.

कामोठ्याचा फ्लॅट मात्र विका, मुरबाडचं घर घेतलंत किंवा नाही घेतलंत तरी. वन बीएचकेला तिथे भाडं फार तर १० हजार धरू, म्हणजे चाळीस लाखांवर तीन टक्के. सिडकोची ट्रान्सफर एनओसी (हस्तांतराचा ना-हरकत दाखला) लागली तर वेळ जातो, आत्ताच सुरुवात करा.

आता कागद, कारण खरा धोका तिथे आहे. घर गावठाणात आहे की शेतात, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) असतो, आणि स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका. भोवतीचे १४ गुंठे मात्र बहुधा सातबाऱ्यावरच असणार. एनए (बिगरशेती) नसेल तर कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाहीत. तुमचं जुन्नर इथे कामाला येईल, तिथे शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी ठरता, पण तुमचं नाव तिथल्या सातबाऱ्यावर लागलंय का? सातबारा अजून वडिलांच्याच नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारस नोंदीचा अर्ज या आठवड्यात तलाठी कार्यालयात द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हे काम मुरबाडसाठी नसतं, तरी करायचंच होतं.

मुरबाडच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कलम ४३ चा शेरा (कुळाला मिळालेली जमीन, परवानगीशिवाय विकता येत नाही) दिसला, किंवा जुन्या फेरफारात (मालकी बदलाच्या नोंदीत) जमीन आदिवासी खातेदाराची निघाली, तर तिथेच थांबा. मुरबाड-शहापुरात हे नवल नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ च्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार तीस वर्षांनीही उकरला जातो.

आणि बहिणी. आत्ताचे मालक शहरातले, त्यांनी घर मूळ कुटुंबाकडून घेतलेलं. त्या कुटुंबातल्या सगळ्या मुलींच्या सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का? २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाऊ म्हणतो "ताईला काही नको", ताई लग्न होऊन नगरला, आणि खरेदीखतावर तिचा अंगठाही नाही, हा प्रकार गावोगाव सापडतो. वकिलाला तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध) आणि पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा. पंधरा-वीस हजार जातील, जाऊ द्या.

घराबद्दल दोन गोष्टी, फोटो बघून. मालक म्हणतात, दीडशे वर्षांपूर्वीची मूळ मंगलोरी कौलं जशीच्या तशी आहेत. त्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. दहा-वीस वर्षांत ती मुरबाडच्या आडगावात पोहोचली असतील यावर माझा विश्वास नाही. आधी नळीची कौलं असणार. छप्पर नंतर बदललं असेल तर बिघडत काही नाही, पण 'हेरिटेज' म्हणून जे दहा-पंधरा लाख चढवलेत ते उतरवायला हे पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दगडांच्या सांध्यांत सिमेंटचं पॉइंटिंग केलंय. दिसायला नेटकं, पण चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर सोडत असते. सिमेंटने सांधे बंद झाले की ती आत अडकते आणि वर चढते. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत माजघरात खाटेच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाचे पापुद्रे सुटलेत. तोच पुरावा. दुरुस्तीची दुरुस्ती तुमच्या माथी येणार, म्हणून चुन्याचं काम जाणणारा माणूस घेऊन जा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जा. वाशांची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे त्याला स्क्रूड्रायव्हर टोचून बघू दे.

तुमची ऐपत किती? आजचे ७० हजार सहा टक्के महागाईने सहा वर्षांनी लाखाच्या घरात जातात. निवृत्तीनंतरची पंचवीस वर्षं त्यावर काढायची तर पीएफ आणि फंडांचा मोठा भाग हलवता येणार नाही, मुलीचं लग्न किंवा पुढचं शिक्षण वेगळंच. म्हणून माझी मर्यादा: कामोठ्याचे ४०, एफडीतले १०, फंडातले १५. एकूण ६५ लाख, सगळे खर्च धरून. फंड काढताना थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये काढा, सव्वा लाखाची सूट दोनदा मिळेल. कागद स्वच्छ निघाले आणि घर साठच्या आसपास आलं, तर खुशाल घ्या. वहिनींना आवडलंय असं तुम्ही लिहिलंत, आणि हौस म्हणून पैसे घालवायला माझी ना नाही. गुंतवणूक म्हणू नका एवढंच, कारण विकायला काढलंत तर गिऱ्हाईक मिळायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या नावावर दलाल भाव सांगतील; ती धावायला लागेल तेव्हा बघू.

साठला तयार नसतील तर यंदाचा पावसाळा ते घर महिन्याच्या भाड्याने मागा. मालकांनी नाही म्हटलं तर का म्हणाले ते कळेलच.

टोकन द्यायचंच झालं तर ५१ हजारांचा चेक, सोबत साध्या भाषेत लिहिलेलं पत्र: टायटल (मालकी हक्क) स्वच्छ न निघाल्यास पंधरा दिवसांत रक्कम परत. "थोडे रोख द्या, किंमत कमी दाखवू" असं आलं तर नको म्हणा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा कमी दाखवलेली किंमत तुमचाच टॅक्स वाढवेल. खरेदी ५० लाख किंवा त्यावर गेली तर घराच्या रकमेवर एक टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरायचाय, हेही वकिलाला आठवण करा.