आज्जांचं ‘काय शिकलीस?’

प्रिय चिऊ,

मस्कतहून बाबांचा गोड पापा. परवा फोनवर तू चिडून विचारलंस, “पुस्तक संपलं की आज्जा लगेच विचारतात, यातून काय शिकलीस? मराठी माणसं गोष्ट नुसती वाचूच देत नाहीत काय?” तेव्हाच सांगितलं असतं, खरं फोनवर दोन मिनिटं झाली की तू पळतेस. म्हणून लिहितोय.

ही खोड एकट्या आज्जांची नाही. मराठीत मुलांसाठी छापलेली पुस्तकं आली तीच मुळी बोध घेऊन. तंजावरच्या सर्फोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इसापाच्या गोष्टी मराठीत करवून घेतल्या होत्या. मग १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीची पुस्तकं निघाली. कोल्हा आला, द्राक्षं आली, आणि खाली तात्पर्य. तेव्हा छापखाना नवा, शाळा नव्या. पुस्तकासारखी महाग वस्तू पोराच्या हातात नुसत्या मजेसाठी द्यायची, हे कुणाला पटलं असतं? तेव्हापासून आपल्याकडं गोष्ट आणि शिकवण यांचं लग्न लागलेलं आहे.

पुढं साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. ती तू वाचलीस, रडलीसही, असं आईनं सांगितलं. लोकांना त्यातलं रडणंच आठवतं. मला आठवते ती पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला शिमटीनं झोडपून विहिरीवर धाडणारी आई. ती काही बोधाची पाटी घेऊन बसलेली बाई नाही, चांगली खमकी आहे. पण आपण मोठ्यांनी त्या पुस्तकाचं संस्कारांचं औषध करून टाकलं आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहिलो.

आता बेळगावचं सांगतो, कारण आज्जांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. आज्जा तेव्हा लहान होते. पुढं कचेरीतला कागद कन्नड, बसवरची पाटी कन्नड. तुझी शाळा मराठी आहे, खरं पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकारचीच. मराठी उरली ती घरात, गल्लीत, भजनात, वर्तमानपत्रात आणि वाचनालयात. अशा गावात मुलीनं मराठी पुस्तक उघडलं की आज्जांना ते नुसतं पुस्तक दिसत नाही. पुण्यातल्या मुलानं मराठी गोष्ट अर्ध्यावर टाकली तर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. आपल्याकडं पडते. आज्जांच्या नजरेत मराठी पुस्तक कधी रिकामं बसलेलं नसतं, ते कामावर असतं. म्हणून ते हजेरी घेतात.

मला स्वतःला मात्र वाचायला लावलं ते हजेरी न घेणाऱ्या पुस्तकांनी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि ‘ट्टॉक्’ करणारा. एकदा तर चीनच्या युद्धात हा थेट ईशान्येच्या सीमेवर जाऊन पोचतो. भागवतांनी साहसकथा लिहिणारा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, त्यामुळं वेग कसा ठेवायचा ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. फेणे धाडसी आहे, दुसऱ्यासाठी धावतो, घाबरतो आणि तरी पुढं जातो. हे सगळं शिकण्यासारखंच आहे, पण भागवत थांबून ते सांगत बसत नाहीत. पुढच्या पानावर चोर पळत असतो, थांबणार कोण?

त्या पुस्तकांचा परिणाम विचारशील तर, आम्ही बेळगावच्या शहापुरातली पोरं सायकली काढून येळ्ळूरच्या राजहंसगडावर तस्कर शोधायला गेलो होतो. तिथं शेळ्या होत्या आणि एक म्हातारा होता. त्यानं आम्हालाच चोर समजून हाकललं. फुरसुंगी कुठं आहे हेही तेव्हा माहीत नव्हतं, तरी पुणं आपलंच गाव वाटायचं. एक मात्र बोचायचं. पुस्तकातली मुलं आमच्यासारखी बोलत नसत. खानापूरचा किंवा निपाणीचा पोरगा एखाद्या साहसात निघालाय असं कधी वाचल्याचं आठवत नाही. इकडच्या मातीतला मोठा लेखक म्हणजे रणजित देसाई. त्यांचं कोवाड चंदगड तालुक्यात, बेळगावपासून फार लांब नाही. पण त्यांची १९६२ ची ‘स्वामी’ पेशव्यांची आहे आणि मोठ्यांसाठी आहे. चार-पाच वर्षांनी वाच, आत्ता घाई नको.

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा तर घरात उघड आणायची सोय नव्हती. हजाराहून जास्त लिहिल्या त्या माणसानं. झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं. आमच्या माळ्यावर एक ट्रंक होती, सगळे तिला काकांची ट्रंक म्हणायचे. तीत असली पुस्तकं खच्चून भरलेली. भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो. भाषा बेताची, योगायोग भारंभार, खरं हातातून सुटत नसे. भराभर वाचायची सवय मला शाळेनं नाही, झुंजारनं लावली.

आणि चांदोबा. याच्याबद्दल जरा जास्त सांगू दे. हे मासिक मद्रासहून निघायचं. १९४७ ला आधी तेलुगू आणि तमीळमध्ये सुरू झालं, १९४९ ला कन्नडमध्ये ‘चंदमामा’ आला आणि १९५२ ला मराठीत ‘चांदोबा’. चित्रं सगळीकडं तीच. आमच्या भिंतीपलीकडच्या घरात माझ्या वयाचा कन्नड शाळेतला मित्र होता. त्याच्याकडं चंदमामा, माझ्याकडं चांदोबा. कट्ट्यावर दोन्ही अंक शेजारी उघडून बसलो की खांद्यावर प्रेत टाकून चाललेला तोच राजा विक्रम दोन्हीकडं. शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेलं ते चित्र आम्ही डोळे मिटून काढू शकलो असतो. कधी त्याचा अंक आधी यायचा, मग तो गोष्ट सांगायचा, अर्धी कन्नड, अर्धी मराठी. माझं कन्नड जे काही आहे ते अर्धंअधिक वेताळाकडून आलेलं.

त्या वेताळाकडं तात्पर्य नसतं, लक्षात आलं का तुझ्या? तो गोष्ट सांगतो आणि शेवटी गाठ टाकतो: सांग राजा, यात खरा मोठा कोण, चूक कुणाची? ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि उत्तर बरोबर दिलं तर? बक्षीस नाहीच, वेताळ परत झाडावर! राजाचे कष्ट पहिल्यापासून. आम्ही दोघं त्या उत्तरावरून कडाकडा भांडायचो, कारण राजाचं उत्तर आम्हाला पुष्कळदा पटायचं नाही. गल्लीत मोठी माणसं पाट्यांच्या भाषेवरून भांडत असायची, आमचं भांडण वेगळंच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की बोध मागणारी मराठी माणसं खूप आहेत, आणि न मागणाऱ्या मराठी गोष्टीही तितक्याच आहेत. आज्जांची काळजी खरी आहे, तिला हसू नकोस. पण पुस्तक संपल्या संपल्या उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस. “अजून विचार करतेय” म्हणून सांग. ते खोटंही नाही.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. आईच्या फोनवर दाखवायला सांग, जुन्या अंकांतली चित्रं बघण्यासारखी आहेत. शेजारच्या काकूंकडं कन्नड चंदमामाचे जुने अंक अजून असतील, मागून घे. अक्षरं तुला शाळेमुळं येतातच. अडलं तर माझ्याआधी त्यांनाच विचार.

आणि आज्जांनी फारच पिच्छा पुरवला तर त्यांना विचार, “आज्जा, तुम्ही अर्नाळकरांकडून काय शिकलात?” ट्रंक काकाची आहे म्हणून हात झटकतील. तू माळ्यावर चढून एखादं पुस्तक उघडून बघ. पहिल्या पानावर शाईनं नाव घातलंय, ते काकाचं नाही.

तुझा,
बाबा